सायकलचा सोमवार कधी येणार?

मे महिना लागला की इन्स्टावर एक ठरलेला फोटो फिरायला लागतो. मरिन ड्राइव्हचा कठडा, त्याला टेकवलेल्या आठ-दहा सायकली, नीट न उजाडलेलं आकाश आणि खाली किती किलोमीटर झाले त्याचा स्ट्राव्हाचा स्क्रीनशॉट. परीक्षा संपलेल्या असतात, निकाल लागायचे असतात, गावी जायचं तिकीट अजून वेटिंगवर असतं. अशा दिवसांत दादर, परळ, लालबाग, गिरगावातले सायकल ग्रुप एकदम जिवंत होतात. एरवी दहा-बारा टाळकी जमणाऱ्या राईडला मेमध्ये तीस-चाळीस जण येतात, आणि त्यातले निम्मे तरी कॉलेजचे असतात.

ज्यांनी अजून अशी राईड केलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आदल्या रात्री ग्रुपवर मेसेज पडतो : पाच वाजता भारतमातापाशी, नाहीतर शिवाजी पार्कला, नाहीतर ठाकूरद्वार नाक्यावर. पुढचा-मागचा लाइट, हेल्मेट, पाण्याची बाटली आणि जमलं तर एक जादा ट्यूब. पुढे एक जण रस्ता दाखवतो, सगळ्यात मागे एक अनुभवी माणूस राहतो. त्याचं काम एकच, शेवटच्या भिडूला एकटं पडू द्यायचं नाही. दादरकडचे लोक सिद्धिविनायक, वरळी, हाजी अली करत पेडर रोडचा चढ धापा टाकत चढतात आणि बाबुलनाथवरून गिरगाव चौपाटीला उतरतात. लालबागचे भायखळ्यावरून, जे.जे. उड्डाणपुलाच्या खालून, सीएसएमटी आणि मग गेटवे. साडेआठच्या आत सगळे परत, कारण त्यानंतर मुंबईचा मे माणसाला उकडून काढतो. हवामान खातं किनारपट्टीवर उष्णतेची लाट म्हणायला पारा किमान ३७ अंशांवर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त असावा लागतो असं मानतं, पण आपल्याकडच्या दमट हवेत ३४ अंशांतसुद्धा घाम वाळत नाही. त्यामुळे मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी किंवा कोकम सरबत बाटलीत असणं हे हौशीचं काम नाही. आणि शेवटी मिसळ. जाळलेल्या कॅलरीज दुपटीने परत मिळवायची ही जागा कुठलाच ग्रुप चुकवत नाही.

गेले दोन महिने मी परळ-दादरकडच्या दोन ग्रुपांबरोबर फिरतेय. त्यांच्याबद्दल मला पुढे जे म्हणायचंय ते तक्रारीसारखं वाटू शकतं, म्हणून आधी जे मनापासून आवडलं ते सांगते. पहिली गोष्ट म्हणजे शहर लहान होतं. लालबाग ते नरिमन पॉइंट हे अंतर माझ्या डोक्यात चिंचपोकळीहून लोकल, मग गर्दी, मग शेअर टॅक्सी अशा हिशोबात बसलेलं होतं. सायकलवर ते जेमतेम नऊ-दहा किलोमीटर निघालं. दुसरी गोष्ट मुलींना लगेच कळेल. पहाटे पाचला एकटीने सायकल काढते म्हटलं तर घरात जी शांतता पसरते, ती 'ग्रुपबरोबर जातेय, बायकाही आहेत, काकाही आहेत' म्हटल्यावर विरते. त्या काकांना सगळे काकाच म्हणतात, वय साठीच्या पुढचं, आणि चढावर ते आपल्याला मागे टाकतात.

डे ट्रिपमध्ये मला सगळ्यात आवडलेली म्हणजे भाऊच्या धक्क्याची. परळहून कॉटन ग्रीन, रे रोड करत माझगावात उतरायचं. ट्रकांचा रस्ता आहे, त्यामुळे हे अंतर उजाडायच्या आत उरकलेलं बरं. धक्क्यावर मासळीचा लिलाव चालू असतो, बर्फाच्या लाद्या ओढल्या जात असतात, त्या गडबडीतून सायकल हातात धरून वाट काढायची आणि लाँचमध्ये चढवायची. सायकलचं वेगळं तिकीट काढावं लागतं. मोऱ्याला उतरलं की उरण, मग करंजा, तिथून पुन्हा छोट्या लाँचने धरमतरची खाडी ओलांडून रेवस, आणि पुढे किहीम, थळ, अलिबागचा सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना वाड्या आणि माडांची सावली. यात एक गंमत आहे. वेळापत्रक आपल्या हातात राहत नाही, मोऱ्याला गाळ साचल्यामुळे मोठ्या ओहोटीला लाँच बंद राहते. म्हणजे राईड ठरवणाऱ्याला भरती-ओहोटी बघावी लागते. कोळीवाड्यातल्या पोरांना हे उपजत येतं, आम्हाला ते ग्रुपवरच्या एका मेसेजमुळे कळलं. ज्यांना दमायला होतं ते भाऊच्या धक्क्यावरूनच रो-रो पकडून थेट मांडव्याला जातात. ती सेवा २०२० पासून सुरू आहे.

हे सगळं छान आहे. प्रश्न दुसऱ्या दिवशीचा आहे. सोमवारी सकाळी या तीस-चाळीस सायकली कुठे असतात? गॅलरीत, जिन्याखाली, पार्किंगमध्ये चादर पांघरून. आणि ती चालवणारे आपण लोकलच्या दारात लटकलेले, बेस्टच्या रांगेत, नाहीतर भाऊच्या स्कूटीवर. परळहून रुईयाला, लालबागहून कीर्तीला किंवा गिरगावातून विल्सनला जाणारा विद्यार्थी दिवसाला जेवढा प्रवास करतो तेवढा आपण रविवारी वॉर्म-अप म्हणून करतो. एका सकाळी चाळीस किलोमीटर सायकल मारणाऱ्या मुलांना चार किलोमीटरवरच्या कॉलेजला सायकलने जावंसं वाटत नाही, किंवा वाटलं तरी जाता येत नाही. मला वाटतं, आपल्या क्लबांनी आता किलोमीटर मोजणं थोडं थांबवून या प्रश्नाकडे बघावं.

कारण शहराने सायकलची जागा ठरवून टाकलीय आणि आपण ती गुपचूप मान्य केलीय. कोस्टल रोडचंच बघा. मार्च २०२४ मध्ये त्याचा पहिला टप्पा खुला झाला, त्या रस्त्यावर सायकलला आणि दुचाकीला मनाई. बाजूचा समुद्रालगतचा भाग ऑगस्ट २०२५ मध्ये लोकांसाठी उघडला, तिथे चालायला, बसायला आणि सायकल चालवायला जागा. महापालिका त्या भागाला 'विहार क्षेत्र' म्हणते. शब्द अगदी नेमका आहे. सायकल ही विहाराची गोष्ट, वाहतुकीची नाही. जरा मागे जा : वांद्रे-वरळी सी लिंक २००९, पूर्व मुक्त मार्ग २०१३, अटल सेतू जानेवारी २०२४. गेल्या वीसेक वर्षांत या भागात हजारो कोटी ओतून जे मोठे रस्ते झाले त्यांपैकी एकावरही सायकल नेता येत नाही. तिथला वेग बघता सायकल नको, हे एक वेळ समजू शकतं. पण मग सायकलसाठी त्याच काळात दुसरं काय झालं? २०११ च्या सुमारास बीकेसीत सायकल ट्रॅक केला. तो बीकेसीच्या आतच फिरत होता, स्टेशनवरून तिथवर पोचायचं कसं याचं उत्तर त्यात नव्हतं, त्यामुळे त्यावर गाड्या उभ्या राहिल्या. २०२५ मध्ये तो काढून गाड्यांसाठी रस्ता रुंद करायचं ठरलं. कारण काय, तर तो वापरात नव्हता.

बाकी जे झालं ते रविवारचं. डिसेंबर २०१७ मध्ये नरिमन पॉइंट ते वरळी असा सायकल ट्रॅक सुरू झाला, रविवार सकाळपुरता. मार्च २०२२ मध्ये तेव्हाचे पोलीस आयुक्त संजय पांडे यांनी 'संडे स्ट्रीट्स' सुरू केले, नरिमन पॉइंटला लोक रस्त्यावर योगा करत होते, मुलं स्केटिंग करत होती. नावातच संडे.

रविवारपासून सुरुवात करण्यात काही वाईट नाही, हेही सांगायला हवं. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७४ पासून दर रविवारी सकाळी मोठे रस्ते गाड्यांना बंद करून सायकलींना देतात. तिथे पुढे आठवडाभर वापरता येतील असे शेकडो किलोमीटरचे सायकल मार्गही झाले. नेदरलँड्समध्ये १९७३ च्या तेलटंचाईत रविवारी गाड्या बंद ठेवल्या होत्या, आणि त्याच सुमारास रस्त्यावर मुलांचे जीव जातात म्हणून आईवडील रस्त्यावर उतरले होते. आज आपण ज्या देशाच्या सायकलींच्या रील्स बघतो तो देश तेव्हा गाड्यांच्या मागे लागलेला होता. म्हणजे रविवारचा आठवडा होऊ शकतो, पण तो आपोआप होत नाही. कुणीतरी मागावं लागतं. आपल्याकडे मागू शकणारी, संघटित, शिकलेली, सोशल मीडियावर आवाज असलेली मंडळी कोण? सायकल क्लब.

आता त्या क्लबांत कोण आहे ते बघू. पहाटे सव्वापाचला आंबेडकर रोडवर आपल्याशिवाय आणखी कोण सायकलवर असतं? पाववाला, दूधवाला, पेपरच्या गठ्ठ्यांचा मुलगा, भोंगा वाजवत जाणारा इडलीवाला. दिवसा धारवाला, ज्याचा दगडच पॅडलवर फिरतो. रात्री मरिन ड्राइव्हवर सायकलला थर्मास अडकवून कॉफी विकणारे. आणि अर्थातच डबेवाले, १८९० पासूनची ज्यांची परंपरा आहे आणि स्टेशनपासून ऑफिसपर्यंतचं ज्यांचं काम आजही सायकलवर चालतं. इंग्लंडचे तेव्हाचे युवराज चार्ल्स २००३ मध्ये चर्चगेटला त्यांना भेटायला आले होते, तेव्हा सगळ्या जगाने त्या सायकली बघितल्या. यांच्याकडे हेल्मेट नाही, स्ट्राव्हा नाही, आणि यांना कुणी 'सायक्लिस्ट' म्हणत नाही. शहराचा सोमवार ते शनिवार हेच लोक सायकलवर ओढतात. आम्ही त्यांच्या बाजूने चमकत्या जॅकेटांत जातो. कधी कधी हात करतो. त्यापलीकडे काही नाही.

आणि कॉलेजच्या मुलांतही एक गाळणी लागते, ती पैशाची. गिअरची बरी हायब्रिड घ्यायची तर पंधरा-वीस हजार सहज जातात, रोडबाईकचा आकडा ऐकून वडील पेपर खाली ठेवतात. एका राईडला एक मुलगा शाळेतली जुनी, एकाच गिअरची काळी सायकल घेऊन आला होता. कुणी काही बोललं नाही, ग्रुप सभ्य आहे. पण मिसळ खाताना चर्चा टायरची रुंदी, कार्बन फ्रेम आणि क्लीट्सची चालली होती. तो पुढच्या रविवारी आला नाही. कदाचित त्याला दुसरं काम असेल. मला तसं वाटत नाही.

या मुलाने खरं तर बिनधास्त यायला हवं होतं, कारण मुंबईच्या सायकलींच्या इतिहासात त्याच्यासारख्याच सायकलींनी कमाल केलीय. १५ ऑक्टोबर १९२३ ला बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण याच शहरातून सायकलने जगप्रदक्षिणेला निघाले. सगळे विशीतले, म्हणजे आपल्याच वयाचे. गिअर नाहीत, जीपीएस नाही, वाटेत मेसोपोटेमियाचं वाळवंट. सहांपैकी तिघे, अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा, सुमारे ७१ हजार किलोमीटर करून मार्च १९२८ मध्ये परत आले. वेटलिफ्टिंगचा क्लब! सायकलचा क्लबसुद्धा नव्हता. ही गोष्ट प्रत्येक राईडच्या आधी सांगावी असं माझं मत आहे, विशेषतः कार्बन फ्रेमवाल्यांना.

पैशानंतर जागा. हे खास आपल्या भागाचं दुखणं. चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सायकल राहत नाही, ती गॅलरीत राहते आणि शेजारच्या काकूंच्या कपड्यांना ग्रीस लागलं की भांडण होतं. चाळीच्या जागी टॉवर झाला की वाटतं आता सुटलो. तिथे पार्किंग गाड्यांच्या नावावर असतं आणि लिफ्टमध्ये सायकल न्यायची नाही अशी पाटी. कॉलेजात तर बाइकलाच जागा नसते, सायकल कुठे लावू विचारलं की गेटवरचे वॉचमन काका खांब दाखवतात. स्टेशनबाहेर सायकल ठेवून जाणं म्हणजे तिला निरोप देणं. मला तरी सोमवारची सायकल अडते ती इथेच. सगळीकडे वेगळा ट्रॅक हवा असं मी म्हणत नाहीये, आंबेडकर रोडवर कुठे काढणार? सायकल कुलूप लावून ठेवता येईल असा एक लोखंडी दांडा मिळाला तरी बरंच काही सुटेल. कॉलेजच्या स्टुडंट कौन्सिलने मागितला तर न देण्यासारखं त्यात काय आहे?

भीतीचं काय, हा प्रश्न येणारच. तो यायलाच हवा. २८ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे नवी मुंबईत पाम बीच रोडवर अवतार सैनी यांना टॅक्सीने धडक दिली आणि त्यांचा मृत्यू झाला. ६८ वर्षांचे सैनी इंटेल इंडियाचे माजी प्रमुख होते. ३८६ आणि ४८६ प्रोसेसरवर त्यांनी काम केलं होतं, आपल्यापैकी इंजिनीअरिंगवाल्यांना हे नाव माहीत असेल. ते एकटे नव्हते, सोबत इतर सायकलस्वार होते. वेळ पहाटेची होती. म्हणजे 'ग्रुपमध्ये जा, पहाटे जा' हा आपला सुरक्षिततेचा मंत्र पुरेसा नाही. उलट पहाटेचा मोकळा रस्ता गाड्यांना वेगाचं आमंत्रण देतो. विचित्र वाटेल, पण दहा वाजताच्या ट्रॅफिकमध्ये परळ नाक्यावर कुणालाच जोरात जाता येत नाही. तिथे धक्का लागतो, शिव्या मिळतात, धूर मिळतो, पण गाडीचा वेग सायकलइतकाच असतो. मी काही वर्किंग डेला चालवून बघितलंय. आनंददायक नाही. कॉलेजला मात्र वेळेत पोचते.

आता एक ताजी, आपल्या उंबऱ्यावरची गोष्ट. एल्फिन्स्टनचा पूल १२ सप्टेंबर २०२५ ला बंद झाला. परळ आणि प्रभादेवी यांच्यातला तो सरळ दुवा तुटला, आणि सायकलवाल्याला एक तर दादरच्या टिळक पुलावरून नाहीतर करी रोडकडून वळसा घालावा लागतो. त्या जागी दुमजली पूल होणार आहे. वरचा मजला शिवडी-वरळी कनेक्टरसाठी, म्हणजे एका टोकाला अटल सेतू आणि दुसऱ्या टोकाला सी लिंक. सायकलच्या बाबतीत दोन्हीकडे पाटी लागलेलीच आहे. खालचा मजला स्थानिक वाहतुकीसाठी. माझा प्रश्न त्या खालच्या मजल्याचा आहे. त्यावर कडेने सायकलला आणि पायी चालणाऱ्याला किती जागा असेल? याच स्टेशनच्या पादचारी पुलावर २९ सप्टेंबर २०१७ ला चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. चालणाऱ्यांचा हिशोब इथे पूर्वी चुकलाय. रस्त्याची रुंदी एकदा सिमेंटमध्ये ओतली की पुढची पन्नास वर्षं बदलत नाही, त्यामुळे विचारायचं तर आत्ताच. परळ-दादरच्या एखाद्या क्लबने या पुलाचा नकाशा मागवून बघितल्याचं, वॉर्ड ऑफिसला पत्र दिल्याचं निदान मी फिरले त्या ग्रुपांत तरी ऐकलेलं नाही. तिथे तीन आठवडे चर्चा चालली होती ती जर्सीच्या रंगाची. (शेवटी पिवळा ठरला. चांगला दिसतो, मान्य.)

काही सिनियर मंडळींचं यावर म्हणणं असतं की आम्ही आवडीसाठी जमतो, आंदोलनासाठी नाही. मला ते पटतं, अर्धं. दिवसभर ऑफिस करून आलेल्या माणसाला रविवारी पत्र लिहायला लावू नये. पण मग ते काम आपलं आहे, कॉलेजवाल्यांचं. आपल्याकडे जूनपर्यंत वेळ आहे, माहितीचा अधिकार आपण बीएमएमच्या पेपरात शिकलोय, आणि वॉर्ड ऑफिस चालत्या अंतरावर आहे. सिनियरांनी फक्त सहीपुरती साथ द्यावी.

आणि एक छोटी गोष्ट मात्र क्लबांनीच करावी. ३ जून हा जागतिक सायकल दिन, संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये जाहीर केलेला. यंदा तो बुधवारी आलाय. नेहमीप्रमाणे तो अलीकडच्या किंवा पलीकडच्या रविवारी ढकलून, टी-शर्ट वाटून साजरा होईल. त्याऐवजी बुधवारीच काढा ना राईड. पहाटे पाचला नको, सकाळी नऊला. भारतमाता ते सीएसएमटी, गाड्यांच्या मधून, डावी बाजू धरून, एकेरी रांगेत. जर्सी नको, ऑफिसचे-कॉलेजचे कपडे, पाठीला सॅक. वेग ठेवायचा तो गिअर नसलेल्या सायकलचा. वाटेत पाववाला, डबेवाला भेटला तर त्यालाही रांगेत घ्या, तो आपल्यापेक्षा बरी चालवतो. सीएसएमटीला पोचल्यावर सायकल कुठे लावायची, हे मात्र आधी कुणीतरी बघून ठेवायला लागेल. मी गेल्या आठवड्यात दोन फेऱ्या मारल्या, मला जागा सापडलेली नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा.